दारात काढायची काच

मित्रांनो, मी एक जुना निळा फिल्टर आहे. पितळी कड्यात बसवलेली गोल काच, एवढाच माझा देह. पण माझं काम मला चोख येतं. दिव्यांच्या उजेडात फोटो काढला की माणसं हळद लावल्यासारखी पिवळी दिसतात. मी लेन्सवर चढलो की चेहरे पुन्हा आपल्या रंगाचे होतात. बाहेर उन्हात मात्र मी नको. तिथे मी सगळ्यांना निळं करून टाकतो. उन्हासाठी माझा करडा भाऊ आहे. तो भिंतींची चकाकी मारतो आणि आकाश गडद करतो.

मेक्सिकोतल्या सान मार्सिअल गावी फिदेन्सिओ फोटोग्राफरकडे माझी चाळीस वर्षं गेली. इथे बाप्तिस्मा चर्चमध्ये दिव्यांखाली होतो. तो संपला की बाळाची जबाबदारी घेणारा त्याचा धर्मपिता बाहेर येऊन मुलांवर नाणी उधळतो. लोकांना तोच फोटो सर्वांत जास्त हवा असतो, आणि तो क्षण कुणासाठी थांबत नाही. म्हणून फिदेन्सिओची बायको कासिल्दा दारात उभी राहायची. तो कॅमेरा तिच्यापुढे धरायचा. ती मला काढून एप्रनच्या खिशात टाकायची, भावाला चढवायची आणि म्हणायची, "पळ आता, म्हाताऱ्या." एकही फोटो कधी बिघडला नाही.

मार्चमध्ये कासिल्दा गेली. मे महिन्यात गावातल्या तोमासाआजीच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. फिदेन्सिओ दारापाशी आला आणि सवयीने कॅमेरा पुढे धरला. समोर कोणी नव्हतं. तेवढ्यात बाहेर गलका झाला आणि तो मला तसाच घेऊन धावला. मला सगळं कळत होतं, पण काचेला ओरडता येत नाही.

फोटो धुऊन आले. धर्मपिता निळा, नाणी निळी, बाळही निळं. फिदेन्सिओने आजीची माफी मागितली आणि आता दुकान बंद करतो म्हणाला. पोराला गारठ्यात उघडं ठेवलं होतंस काय, असं आजीने विचारलं. तो हसला नाही, तेव्हा तीही गंभीर झाली.

"कासिल्दाचा एप्रन कुठे आहे?"

"खुंटीला. अजून धुतला नाही."

"धुऊ नकोस. रविवारी घेऊन ये. पोराच्या धर्मपित्याला मी पुन्हा उभा करते."

एकदाच येतो, या वेळी चुकलं तर दुकानाला कुलूप, असं फिदेन्सिओ म्हणाला.

रविवारी आजीने एप्रन चर्चच्या दाराच्या कडीला अडकवला. आत दिव्यांखाली पुन्हा बाळाचे फोटो काढून फिदेन्सिओ दाराशी आला. बाहेर मुलं ओरडत होती. धर्मपित्याने नाण्यांची मूठ वर केली, तर आजीने त्याचं मनगटच धरलं. "आधी त्याची काच निघू दे."

फिदेन्सिओने कॅमेरा छातीशी धरून स्वतःच मला फिरवून काढायला घेतलं. दोन वेढ्यांच्या कामाला त्याला बराच वेळ लागला. कोणी घाई केली नाही. त्याने मला एप्रनच्या खिशात ठेवलं. खिशाला मक्याच्या पिठाचा वास होता. मग त्याने भावाला चढवलं.

"पळ आता, म्हाताऱ्या," आजी म्हणाली, आणि तो पळाला.

त्या फोटोत आकाश गडद आहे, नाणी लखलखतात आणि बाळाचे गाल आहेत त्याच रंगाचे आहेत. दुकान चालू आहे. आता गावाची रीतच झाली आहे, मी खिशात गेल्याशिवाय कोणी नाणी उधळत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या काचेला बोटं लावू नका. स्वच्छ, मऊ कापडानेच पुसा. फिदेन्सिओलाही हे ठाऊक आहे. तरी तो मला त्या न धुतलेल्या एप्रनच्या टोकाने पुसतो. एखादा चरा पडतो. मी हरकत घेत नाही.