फोन आधी ठेवायचा नाही

रस्ता रुंद करायचं काम कंत्राटदाराचं आणि त्यापायी रहिवाशांची बोलणी खायचं काम माझं. धूळ यांनी उडवायची, नळ यांनी फोडायचे आणि फोनवर गोड बोलायचं मी. त्यात मीच अतिशहाणपणा करून घरोघर पत्रक वाटलं होतं: तक्रार करणाऱ्यानं फोन ठेवल्याशिवाय आम्ही ठेवणार नाही.

सकाळी ऑफिसात पोचतोय तोच फोन वाजला. तक्रारी साहेबांनाही ऐकू जाव्यात, या ऑफिसच्या नियमाप्रमाणे मी स्पीकर लावला.

"तुमच्या यंत्रामुळे माझ्या कपाटातल्या बश्या नाचतायत."

आवाज ओळखीचा होता. "आई, मी कामात आहे. नंतर करतो."

"तुझ्या फोनवरही हेच म्हणतोस, म्हणून या नंबरवर केला. पत्रक हातात आहे माझ्या. आता ठेवून दाखव."

साहेब समोरच बसले होते. मी दातओठ खात म्हणालो, "तक्रार नोंदवली, बाई. आणखी काही?"

"आहे ना. माझा मुलगा दोन महिने माझ्याच दारासमोर रस्ता खणतोय, पण घरात पाऊल टाकत नाही."

"ही रस्त्याची तक्रार नाही."

"रस्त्याचीच आहे. त्याला तो ओलांडता येत नाही."

साहेब मान वर न करताच म्हणाले, "जाऊन भेटून या."

गेलो. बश्या खरंच नाचत होत्या. त्यातल्याच एकीत आईनं मला खायला दिलं आणि म्हणाली, "शेजारच्या काकूंनाही तुमचा नंबर दिलाय."

"त्यांच्याही बश्या नाचतात?"

"नाही. त्यांचा मुलगा परदेशात असतो."