पहिल्या सायलेन्सरचा मुहूर्त

झरी गावात कुणी नवा माठ घेतला की तो आधी चिमणच्या ओट्यावर यायचा. चिमण टिचकी मारी, कान लावी आणि म्हणे, "पक्का." नाहीतर म्हणे, "परत दे." त्यावर गावात अपील नव्हतं.

हा कान त्याला तलासरीजवळच्या कारखान्याने दिला होता. तिथे मोटारींचे सायलेन्सर बनत. चिमण बावीस वर्षं माल वाहणाऱ्या फिरत्या पट्ट्याच्या टोकाला लहानशी हातोडी घेऊन उभा होता. जोड नीट असला की टण्ण, आत चीर असली की थद्द. मालक अमृतशेठनी मध्यंतरी तपासणीचं मशीन आणलं होतं. ते वर्षातून चार वेळा आजारी पडे, चिमण कधीच नाही.

म्हणून दसऱ्याचा मानही त्याचाच. पूजा झाली की पट्ट्यावरच्या पहिल्या सायलेन्सरवर चिमणने हातोडी मारायची, "पक्का" म्हणायचं, आणि मगच शेठनी बटण दाबायचं. अमृतशेठच्या वडिलांनी पाडलेला पायंडा, तो कुणी मोडला नव्हता.

यंदा पट्टा दोन महिने बंदच होता. परदेशातून विजेवरच्या गाड्या जहाजं भरभरून येत होत्या आणि त्याही स्वस्त. ज्या कंपनीला इथला माल जाई, तिच्या गाड्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. शेठ म्हणाले होते, "दसऱ्याला बघू." तेवढ्या दोन शब्दांवर तीस माणसं दिवस ढकलत होती. चिमणही. सत्तेचाळिसाव्या वर्षी नुसत्या कानाला दुसरीकडे कोण पगार देणार?

दसऱ्याच्या सकाळी शेठ नव्या गाडीतून आले. पांढरी, गुळगुळीत, विजेवरची.

"शुं करूं, चिमणभाई," ते जरा ओशाळून म्हणाले, "सस्ती पडली. आधी हिची पूजा कर."

चिमणने कुंकू लावलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. मग सवयीने मागे जाऊन उकिडवा बसला आणि वाकून पाहिलं. खाली धुराची नळी नव्हतीच. तरी त्याने कान लावला.

"चालू करा, शेठ."

"अरे, केव्हाची चालूच आहे!"

गाडी पुढे सरकली. लिंबं चिरडल्याचा तेवढा आवाज झाला. लोक हसले, चिमणही हसला. राग यायला हवा होता, हे त्याला कळत होतं. पण राग काही आला नाही.

आत मशीनची पूजा झाली. पट्ट्यावर ठेवायला नवा सायलेन्सर कुठून येणार? स्टोअरमधल्या दक्षाने एक आणून ठेवला, झेंडूची माळ घातलेला. चिमणने तो पाहताक्षणी ओळखला. आषाढात त्यानेच खडूने फुली मारून भंगारात टाकलेला. फुली पुसून नेमकं तिथेच कुंकू लावलं होतं.

"दुसरा नव्हता, चिमणदादा," दक्षा हळूच म्हणाली.

त्याने हातोडी मारली. थद्द.

तो आवाज तिथल्या प्रत्येकाला कळला. तरी सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत राहिले. शेठचं बोट बटणावर होतं. खोटा म्हणावं तर भर दसऱ्याला मुहूर्त मोडल्याचं खापर आपल्या डोक्यावर फुटणार. आणि न जाणो, पट्टा सुरू झाला तर?

"पक्का," चिमण म्हणाला.

बावीस वर्षांत तो पहिल्यांदा खोटं बोलला होता, आणि त्यावर टाळ्या पडल्या. शेठनी बटण दाबलं. माळ घातलेला तो एकटा सायलेन्सर पट्ट्यावरून टोकापर्यंत गेला. मागून काही आलं नाही. पाच मिनिटं पट्टा रिकामाच फिरला. मग शेठनी तो बंद केला आणि हात जोडले.

"बापूजींची रीत होती म्हणून मुहूर्त केला. उद्यापासून कुणी येऊ नका, भाई. कारखाना बंद."

प्रत्येकाला फाफडा-जिलबीचा पुडा मिळाला. चिमणने आपला घेतला, हातोडी पट्ट्यावर ठेवली आणि तो झरीला आला.

बायको दारातच होती. "काय जाला?" सुकीने विचारलं.

"बंद."

तो ओट्यावर बसला. रडू येईल असं त्याला वाटेत वाटलं होतं, तेही आलं नाही. तेवढ्यात शेजारची तानी डोक्यावर नवा माठ घेऊन आली.

"जरा वाजव ना, चिमणदादा. माठवाला वाटेवर उभा आहे."

चिमणने माठाकडे पाहिलं. हात मांडीवरून उचललाच नाही.

"पक्का," तो म्हणाला.

तानी खुशीत माठ घेऊन गेली. सुकी त्याच्याकडे बघत राहिली.

"तू वाजवला नाय."

"नाय," चिमण म्हणाला, आणि त्याने पुडा उघडून गार झालेली जिलबी तोंडात टाकली.