भगदाड

एकोणीसशे एकाहत्तर साली, थंडी तोंडावर आलेली असताना, आई एका तंबूच्या दारात उभी होती आणि तिचं पाऊल काही केल्या आत पडत नव्हतं. दाराचा कॅनव्हास तिने मुठीत घट्ट धरला होता. कापड नवं होतं, खरखरीत, मेणाच्या वासाचं. आत पत्र्याची शेगडी पेटली होती आणि तिच्याशेजारी आईची एकुलती एक मुलगी मांडी ठोकून बसली होती.

"आई, ये ना आत. वाघ नाही बसलेला इथे."

"मी इथूनच बघते."

"दारात उभं राहून कुणी तंबू निवडतं का? शिवाय तू दार उघडं धरलंस की गारठा आत येतो."

मुलीला घरात सगळे खारू म्हणत. लहानपणी झाडावर चढली की खाली उतरायचं नाव घेत नसे, म्हणून. आता ती कॉलेजात होती, आणि बरोबरच्या मुलींना घेऊन बर्फात मुक्काम करायला निघाली होती. हे कानावर आल्यापासून आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिने रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. खारू बधली नाही. शेवटी एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता, मान वर न करता आई म्हणाली,

"जा. पण तंबू मी निवडणार. मला पटला नाही, तर तू घरात."

"कबूल," खारू म्हणाली होती. आईला तंबूतलं काय कळणार, असं तिला वाटलं असावं.

आईला तंबूतली एकच गोष्ट कळत होती. खारू रांगत होती तेव्हा तिचे बाबा असेच डोंगरात मुक्कामाला गेले, रात्री शेगडी पेटती ठेवून झोपले, आणि सकाळी उठलेच नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ शेजारच्या तंबूत होता. दार त्यानेच उघडलं. "धूर कोंडला, वहिनी," एवढंच तो घरी येऊन म्हणाला, आणि त्यापुढे कधी काही बोलला नाही. बाबांना आणलं तेव्हा त्यांचे गाल लाल होते, नुकतंच कुणी धावून यावं तसे. त्या गालांकडे बघून, ते गेले हे आई कितीतरी वेळ मानायला तयार नव्हती. त्यांचं सगळं सामान परत आलं, बूट, घड्याळ, चष्मा. तिने विणलेला विटकरी मफलर तेवढा आला नाही. "वाऱ्यावर उडाला असेल," भाऊजी म्हणाले होते.

तेच भाऊजी, खारूचे काका, आज तंबूच्या मधल्या खांबाला टेकून उभे होते. त्या प्रसंगानंतर त्यांनी डोंगराचं तोंड पाहिलं नव्हतं. वहिनी एकटी कशी जाणार म्हणून रजा टाकून आले होते. आल्यापासून त्यांचा डोळा शेगडीवरून हलला नव्हता.

"या ताई, या, चहा होतोय," तंबूवाला म्हणाला. गोल पोटाचा, बोलघेवडा माणूस. दुकानामागच्या अंगणात तो प्रत्येक तंबू उभारून दाखवायचा, आत शेगडी पेटवायचा आणि गिऱ्हाइकाला बसवून ठेवायचा. आत चहा उकळून सगळ्यांनी घेतल्याशिवाय तो सौद्याचं बोलतच नसे. "चहा होईपर्यंत जो आत टिकला, तो रात्रभर टिकला. बाकी बोलण्याला काय अर्थ आहे? तंबू म्हणजे काही लुगडं नाही, हातात घेऊन पारखायला."

"कापड जाड आहे?" आईने दारातूनच विचारलं.

"जाड? अहो, बैल बांधा याला! सरळ भिंती, माणूस उभा राहून कपडे बदलेल. सुती आहे, म्हणजे सकाळी अंगावर पाणी ठिबकणार नाही. खाली ही झालर बघा, हिच्यावर बर्फ लोटलं की वारा बंद. आणि ही माझी खास करामत." त्याने आढ्याजवळच्या वीतभर चौकोनी झरोक्याकडे बोट दाखवलं. "हवेसाठी ठेवलाय, पण बाहेरून झडप आहे. पाडली की चिटपाखरू आत यायचं नाही."

आईने मान वर करून झरोका पाहिला.

"पाडली की हवा बंद?"

"एकदम बंद!" तो खूश होऊन म्हणाला.

शेगडीने आता चांगलाच जीव धरला होता. तिचं धुराडं छपरातून बाहेर गेलं होतं, तरी आईला नाकाशी धुराचा वास असल्यासारखं वाटत होतं. काका घटकेत धुराड्याच्या सांध्याकडे बघत होते, घटकेत वर. खारूचे गाल उबेने लाल झाले होते. आईने ते पाहिले आणि तिची दारावरची मूठ आणखी आवळली गेली.

"खारू, तोंड बाहेर काढ जरा."

"का गं?"

"काढ म्हणते ना."

"आई, शेगडी आहे ती. उबेला बसलं की गाल लाल होणारच!" खारू हसली. मग तिने खांदे आक्रसले. "पण मानेवर वारं येतंय हो. या तुमच्या झरोक्यातून."

आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत ती उठली, डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, चुरगळून गोळा केला आणि सराईतपणे झरोक्यात कोंबला. हात झटकून खाली बसली.

आईच्या घरात थंडीत एकही फट उघडी राहत नसे. जुने मोजे, चिंध्या, पोत्याचे तुकडे, जे हाती येईल ते ती खिडक्यांच्या सांध्यांत कोंबत असे. वारं लागलं की फट शोध आणि बुजव, ही घरातल्या प्रत्येकाला लागलेली सवय होती. नुकतंच लग्न झालेलं असताना बाबा तिला त्यावरून चिडवायचे, "तुझ्या घरात एखाद्या दिवशी उजेडही चुकून बाहेर राहील." चिडवता चिडवता ते स्वतःही बुजवायला लागले होते.

काका झेपावले. शेगडीवरची किटली लवंडली, निखारे चुरचुरले, वाफेचा लोट उठला. त्यांनी एका हिसक्याने टोपी उपसून काढली.

"मफलर नाही कोंबायचा तिथे!" त्यांचा आवाज फाटला. "मफलर नाही कोंबायचा, कितीदा सांगायचं!"

"काका?" खारू भेदरून उठली. "मफलर कुठाय? माझी टोपी आहे ही."

काकांनी हातातल्या टोपीकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या वहिनीकडे.  तंबूवाला लवंडलेली किटली उचलायचं सोडून तसाच वाकून राहिला.

आईच्या हातातून कॅनव्हास सुटला. त्या रात्री मफलर कुठे होता, ते तिला आत्ता कळलं.

ती आत आली. शेगडीला वळसा घालून भाऊजींपाशी गेली आणि त्यांच्या मुठीतून एकेक बोट सोडवत तिने टोपी काढून घेतली. त्यांचा हात गार पडला होता.

"बसा भाऊजी," ती म्हणाली. "खारू, काकांना पाणी दे."

मग ती खांबाला धरून त्या झरोक्याकडे बघत उभी राहिली.  

"तुमच्याकडे मोठी कात्री असेल."

"आहे की," तंबूवाला म्हणाला. "पण कशाला?"

"इथे मोठं भोक पाडायचंय. समोरच्या बाजूलाही तसंच. झडप नको, पडदा नको. कडा शिवा, जाळी लावा, पण कुणी अख्खी उशी कोंबली तरी बुजणार नाही एवढं पाहिजे."

"अहो ताई, ते भगदाड होईल! बर्फ येईल आत. पोरी कुडकुडून जातील."

"कुडकुडू देत," आई म्हणाली. "कुडकुडणारं माणूस सकाळी उठतं."

पहिली कात्री तिनेच चालवली. मग तंबूवाल्याने पुन्हा किटली चढवली, कारण चहाशिवाय सौदा करणं त्याच्या नियमात बसत नव्हतं. सगळ्यांनी तो तंबूत बसून घेतला. 

त्या संध्याकाळी घरी आल्यावर आईने खिडक्यांतल्या चिंध्या एकेक करून उपसल्या.

मुली बर्फात जाऊन आल्या, सर्दीने नाकं गळत, आईच्या नावाने बोटं मोडत, पण सगळ्या आल्या. तंबूचं नाव भगदाडच पडलं. तंबूवाला पुढे कितीतरी वर्षं गिऱ्हाइकांना त्या विक्षिप्त बाईची गोष्ट रंगवून सांगायचा. तो गेल्यावर त्याच्या मुलाने दुकान विकलं. खारूने केस पिकेपर्यंत मुलींना डोंगरात नेलं. आता तिचे गुडघे कुरकुरतात, पण खिडकी उघडी असल्याशिवाय तिला झोप येत नाही. आई पुष्कळ जगली. तिच्या घरी थंडीत येणारे पाहुणे अंगातला कोट काढत नसत.

आणि काका. तंबू घेतला त्याच हिवाळ्यात वहिनीने त्यांच्या हातात एक मफलर ठेवला. विटकरी. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि गळ्याभोवती गुंडाळला. त्या मफलरबद्दल किंवा आधीच्या मफलरबद्दल दोघं एकमेकांशी अक्षरही बोलले नाहीत. थंडी सरली तरी काका तो काढत नसत, लोक हसायचे. शेवटच्या आजारातही तो त्यांच्या उशाशी होता. तो काही वाऱ्यावर उडाला नाही.