‘रीड_रेग’ काढून टाकताना

एका खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक पाहुणे संगणक चालवायचे आणि हे यंत्र आपल्या एकट्याचेच आहे, असा प्रत्येकाचा समज टिकवायचा, हा त्या गटाचा व्यवसाय होता. पाहुणा चालू असतो तेव्हा त्याचे ताजे आकडे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांत, म्हणजे रजिस्टरांत, असतात. तो थांबवला की त्यांची प्रत मेमरीत जतन होते. ‘रीड_रेग’ हा मॅक्रो, म्हणजे कोडमध्ये जागोजागी वापरायचा तयार आदेश, नेहमी ती प्रतच वाचत असे. नावावरून हे कळण्याची सोय नव्हती. चालू पाहुण्यावर वापरला तरी तो उत्तर देई, पण शिळे.

हे नाव ठेवणारा गेल्या हिवाळ्यात वारला. त्याची पत्नी त्याच गटात काम करी. गटप्रमुख त्याचा मित्र. या मित्राच्या मंजुरीवाचून कोडमध्ये एकही ओळ जात नसे. तो तिला वहिनी म्हणे, ती त्याला भावोजी.

नाव बदलण्याचा प्रस्ताव तिनेच पाठवला होता. तो मंजुरीविना पडून राहिला, तेव्हा ती त्याच्या काचेच्या खोलीत येऊन बसली.

“काय चुकलंय त्यात?”

“चूक काही नाही, वहिनी. पण ओळ बदलली की ती कुणी लिहिली या नोंदीत त्याच्याऐवजी तुमचं नाव दिसणार. त्याच्या हातच्या ओळी उरल्यात किती?”

“पाण्याच्या मशीनपाशी लोक त्या मॅक्रोला काय म्हणतात, ऐकलंय?”

त्याने ऐकले होते. चकवा. एका ग्राहकाचे पाहुणे यंत्र शिळ्या आकड्यावर भरकटले, तेव्हा कुणीतरी म्हणाले होते, “स्वतः गेला, आम्हाला चकवा लावून गेला.”

“मी मागेच उभी होते,” ती म्हणाली. “आधी हसूच आलं. वाक्य चांगलं होतं हो. घरी गेल्यावर हा प्रस्ताव लिहायला बसले.”

तो म्हणाला, “मधला मार्ग काढू. नवी दोन नावं आणू, जुनंही राहू दे.”

“जुनं पायाखालचं आहे, भावोजी. राहिलं तर लोक डोळे मिटून तिथूनच जाणार. काढून टाका. मग कंपायलर जागोजागी अडेल आणि प्रत्येक ठिकाणी कुणालातरी ठरवावं लागेल, जतन केलेलं हवंय की चालू.”

यावर त्याच्यापाशी मुद्दा नव्हता, दुःख होते. आणि तेवढ्याच आधारावर उभे असलेले प्रस्ताव तो स्वतः नेहमी परत पाठवत असे.

त्यांनी मॅक्रो काढला. कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने जुने नाव दिसेल तिथे अडून चुकांची रांग लावली. बहुतेक ठिकाणी पाहुणा थांबलेला होता; तिथे जतन केलेली प्रत वाचणारे ‘रीड_सेव्ह्ड_रेग’ बसले. मग एका फंक्शनपाशी दोघेही थबकले. तिथे पाहुणा चालू होता, हवा होता ताजा आकडा, म्हणजे ‘रीड_लाइव्ह_रेग’, आणि ओळ तिच्या नवऱ्याने लिहिलेली होती.

“काहीतरी कारण असेल,” गटप्रमुख म्हणाला.

“शोधा.”

त्याने फंक्शन वरपासून खालपर्यंत वाचले, पुन्हा वाचले. कारण नव्हते.

“नाव बदलता बदलता हेही दुरुस्त करून टाका,” तो हळू आवाजात म्हणाला. “कुणाच्या लक्षातही येणार नाही.”

“नाव बदलणं वेगळं, दुरुस्ती वेगळी. हा नियम तुमचाच ना? शिवाय चूक कोणत्या बदलात शिरली तेही लिहावं लागतं. जुनी आवृत्ती चालवणाऱ्यांना कळायला नको?”

“तो बदल त्याचा आहे, वहिनी.”

“म्हणून तर. ज्यानं नाव ठेवलं तोच फसला, हे कळल्यावर कोण कुणाला हसणार?”

तासाभरात दुरुस्ती वेगळी येऊन पडली. खुलाशात तिने लिहिले होते: ‘मॅक्रो लिहिणाऱ्यानेही तो इथे चुकीचा वापरला. दोष नावाचा आहे, वापरणाऱ्यांचा नाही.’

पहिले वाक्य गाळण्याची सूचना त्याने टाइप केली. काचेपलीकडे ती पडद्याकडे पाहत बसली होती. त्याने सूचना पुसली आणि दोन्ही बदलांना मंजुरी दिली.