तीन नंबरची टाकी

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. लावा पैज. गेल्या वर्षी चौथीच्या वर्गाला सांगितलं, तर त्यांनी मला खडे मारले. खडे मारले की मी वाजते, हे काही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. शाळा पाऊण तास आधी सुटली.

मी एक जुनी टाकी आहे. या जांभळीच्या फांदीला साखळीने टांगलेली, बुडाकडून कापलेली, पिवळा रंग उडालेली. तुम्ही मला घंटा म्हणता. म्हणा बापड्यांनो. पण माझ्या खांद्यावरून बोट फिरवा, तिथे पोलादात ठोकलेला तीनाचा आकडा लागेल. सागरतळ मंडळाची मी तीन नंबर. पाण्याखाली गेलेल्या माणसाला श्वास पुरवणारी. रत्नागिरीच्या समुद्राचा तळ मी जेवढा पाहिला, तेवढा सुरमईच्या सात पिढ्यांनी पाहिला नसेल.

माझा जन्म कुठला, हे मी दरवर्षी निराळं सांगते. दुसरीच्या मुलांना सांगितलं की एका बुडालेल्या आगबोटीचा कप्तान मला उशाशी घेऊन झोपायचा. तुम्ही मोठे आहात, तुम्हाला फार फसवत नाही. एका कारखान्यात लालबुंद पोलादाला दाबून, ओढून माझं पोट केलं, मान काढली, मानेत पितळेची चावी बसवली. मुंबईच्या गोदीत मी काही वर्षं राबले आणि मग भंगारात गेले. तिथे १९८१ साली मला आबांनी शोधलं.

आबा म्हणजे आत्माराम. इथल्याच मिऱ्या गावचे. सारी उमर गोदीत पाणबुड्याचं काम करून, जहाजांच्या पंख्यांत अडकलेले दोर कापून ते नुकतेच गावी परतले होते. भंगारवाल्याकडे त्यांनी मला उभी केली, बोटाच्या पेराने टकटक वाजवली आणि कान लावला.

"दाबाचा काटा लावून बघा की," भंगारवाला म्हणाला.

"आमच्याकडं फणसालाच काटे असतात. पारखायला बोट लागतं," आबा म्हणाले आणि मला खांद्यावर टाकून चालू लागले.

घरी दारातच सगुणाबाई उभ्या. त्यांच्या पत्नी. हो हो, आपल्याच सगुणाबाई, रोज मला बडवून तास देणाऱ्या. त्या पाहा पायरीवर कुळीथ निवडत बसल्यात. माझ्याकडे बघत नाहीत, म्हणजे ऐकताहेत.

"मुंबईसनं काय आणलंत?"

"टाकी."

"पाण्याची?"

"हवेची."

"का? हितं हवेचा दुष्काळ पडलाय?"

पुढे आबा मला रोज पाठीवर बांधून समुद्रात जाऊ लागले, तेव्हा सगुणाबाईंनी माझं नावच ठेवलं, सवत. "लग्नाला तीस वर्षं झाली, मला कधी पाठीवर घेतलं नाय ह्यांनी. ही आली नि चढून बसली."

त्याच पावसाळ्यात आबांच्या पडवीत सागरतळ मंडळ निघालं. चार टाक्या आणि चार माणसं. आबा. बंदर कचेरीतला कारकून दादू, ज्याला आधी साधं तोंड पाण्यात घालायची भीती. आबांनी त्याला आठ दिवस घंगाळात डोकं बुडवून बसवला. विज्ञान शिकवणाऱ्या विमलाताई, ज्या पंजाबी ड्रेसवर शिशाच्या वजनांचा पट्टा बांधायच्या आणि मंडळाचे नियम लिहायच्या. आणि शिवा, ज्याची होडी. आमचा हंगाम दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. त्याआधी पाणी गढूळ आणि त्यानंतर वारा.

मंडळाचा एक रिवाज होता, तो आबांनी घातलेला. मिऱ्यासमोर म्हशीचा खडक आहे. ओहोटीला त्याच्या दोन काळ्या पाठी दिसतात, बाकी सगळा पाण्यात. त्यात कोळ्यांची जाळी अडकतात. जाळं सोडवायला कुणी बोलवायला आलं की नाही म्हणायचं नाही, जेवत असलो तरी ताटावरून उठायचं. पैसा घ्यायचा नाही. एक नारळ घ्यायचा. पाच हंगामांत सगुणाबाईंना खोबरं विकत घ्यावं लागलं नाही.

आता खरी मजा ऐका. आमच्या पोटात हवा भरायचं यंत्र पेट्रोलवर चाले. त्याचा धूर आत जाऊ नये म्हणून हवा ओढायची नळी आबांनी परसातल्या माडाच्या शेंड्याला बांधली होती. एकदा भंडाऱ्याने त्याच माडाला माडीचं मडकं लावलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी आम्ही सगळे पाण्याखाली गेलो आणि अख्खं मंडळ तर्र होऊन वर आलं! दादू एका खेकड्याशी राजकारणावर भांडत होता.

"घाल, घाल अजून भर," सगुणाबाई कुळथातून म्हणतात. ऐकलंत ना? ऐकताहेत.

आणि म्हशीच्या खडकाखाली एक गोब्रा राहायचा. गोब्रा म्हणजे हा एवढा, रेड्याच्या डोक्याचा मासा. त्याला दमा होता. आबा आले की तो बिळातून बाहेर यायचा, आणि आबा आपल्या तोंडातली नळी काढून त्याला दोन झुरके द्यायचे. नंतर नळी लुगड्याच्या जुन्या चिंधीने पुसून परत आपल्या तोंडात. मासा असला तरी उष्टं ते उष्टं.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते, मित्रांनो. सव्वीस जानेवारीला विमलाताईंनी मला शाळेत मांडली, झेंडूचा हार घातला. माझ्यावर रंग चढवला तो आबांनी, स्वतःच्या हातांनी. पण माझ्या पोटात, चावीच्या खाली, मिठाचा एक लाल ठिपका पडला होता. तो कुणाला दिसत नव्हता. तसाच एक ठिपका आबांच्या छातीत कुठेतरी पडला असावा.

शहाऐंशीचा शिमगा. हंगामाची शेवटची बुडी. आबा वर आले ते डावा हात धरून. ओठ जांभळे. रत्नागिरीत डॉक्टरांनी कागदावर हृदयाच्या रेघा काढल्या आणि सांगितलं, "आता समुद्र काठावरून बघायचा. खाली गेलात, तर वर याल असं मी लिहून देणार नाही." बाहेर आल्यावर सगुणाबाईंनी विचारलं, "काय म्हणाले?" आबा म्हणाले, "मीठ कमी खा म्हणाले." पण सगुणाबाई दाराबाहेर कान लावून उभ्या होत्या. हेही मला ठाऊक आहे, कारण त्या रात्रंदिवस पडवीत माझ्याशेजारीच बसून डोळे पुसायच्या. सवतीशिवाय हे कुणाला सांगणार?

श्रावणात पडवीत येत्या हंगामाची बैठक भरली. दाराच्या मागल्या बाजूला आबांनी खडूने बेत लिहिला होता. दिवाळीनंतर खाडीपलीकडच्या काळबादेवी गावात चार नव्या मुलींना शिकवायचं. मग म्हशीच्या खडकाची सफाई, पाच वर्षांची तुटकी जाळी बाहेर काढायची. प्रत्येक ओळीपुढे बुडी घेणाऱ्यांची नावं, आणि प्रत्येक ओळीत पहिलं नाव आत्माराम, टाकी क्रमांक तीन.

सगळे चहा पीत राहिले. कुणी दाराकडे बघेना.

"आबा," शेवटी विमलाताई म्हणाल्या, "टाकीची तपासणी पाच वर्षांनी करायची असते. तीन नंबरची मुदत टळून गेली. आतून गंज असला तर फुटेल ती. ती यंदा पाण्यात नको."

"बरं. मुंबईला पाठवू. मी एक नंबर घेतो."

बशीत चमचा वाजला. मग दादू उठला. ज्याला घंगाळात बसवून शिकवला, तोच. दाराजवळ गेला.

"आबा, यंदा तुम्ही होडीत बसायचं. वरनं दोर धरायचा. सगळ्यांत जोखमीचं काम ते. तुम्हीच शिकवलंत."

"म्हाताऱ्या बैलाच्या पुढ्यात पेंढी टाकतात, तशी टाकतोस काय रे?"

"आबा, काकींनी सांगितलंन आम्हाला सगळं."

आबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे सगुणाबाई होत्या. डोळे खाली, हातात चहाचं भांडं. "होय, मी सांगितलं," त्या म्हणाल्या. "रागवा. मारा. पण माझ्या डोळ्यांपुढं असा."

आबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पूस, दादू. नीट पूस, अर्धवट अक्षरं ठेवू नको. वाईट दिसतं." दादूने पंच्याने नावं पुसली. आधी त्यांचं, मग माझं.

मित्रांनो, आम्ही दोघं एका दिवसात म्हातारे झालो. मला कोपऱ्यात ठेवलं. माझ्यावर आधी टोपली आली, मग सुपं, मग कुणीतरी छत्री अडकवली. कोंबडी माझ्या मानेवर बसून पिसं साफ करायची. आबा समोर आरामखुर्चीत. बोलत नसत. कधी येता जाता पेराने मला टकटक करायचे आणि कान लावायचे, जसा आजाऱ्याच्या कपाळाला हात लावतात तसा.

कार्तिकात हंगाम सुरू झाला. एका दुपारी सगुणाबाई तांदूळ दळायला गेलेल्या असताना आबांनी मला बाहेर काढलं, पुसलं आणि माझं पोट हवेने गच्च भरलं. भरली आणि परत कोपऱ्यात ठेवली. वर टोपलीसुद्धा ठेवली, होती तशी. पाण्यात जायचा त्यांचा इरादा होता की नाही, मला सांगता येत नाही. घरात तांदळाचं एक पोतं भरलेलं असावं, तशी मी भरलेली असावी, एवढंच कदाचित मनात असेल.

तीन दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमाराला, मिरकरवाड्याचा रामा कोळी धावत आला. हातात नारळ. "आबा, जाळं म्हशीत अडकलंय. कोरं जाळं हाय, सोसायटीचं कर्ज काढलंय. भरती लागली, तासाभरात चिंध्या होतील!" दादू, विमलाताई आणि शिवा, तिघंही होडी आणि टाक्या घेऊन काळबादेवीला गेलेले. संध्याकाळशिवाय येणार नव्हते.

सगुणाबाई तेव्हा घरात नव्हत्या. विहिरीवर होत्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवते.

काय झालं सगुणाबाई? हात का थांबला? निवडा की.

तर आबांनी नारळ घेतला. टोपली उचलली, मला पाठीवर घेतलं. पट्टे आवळले. आठ महिन्यांनी त्यांची पाठ माझ्या पाठीला लागली, आणि मित्रांनो, मी हलकी झाले. रामाच्या होडीतून आम्ही म्हशीच्या खडकावर गेलो आणि उलटी कोलांटी घेऊन पाण्यात शिरलो. पाणी काचेसारखं. कार्तिकात असतंच. आबांचा श्वास कसा, तर झोपलेल्या बाळाचा. जाळं तीन ठिकाणी अडकलं होतं. पहिलं टोक सुटलं. दुसरं सुटलं. तिसऱ्यापाशी दम्याचा गोब्रा बसला होता, त्याने स्वतः तोंडाने ओढून ते सोडवलं. जाळं वर गेलं. एक गाठसुद्धा तुटली नाही.

मग आबा खाली वाळूत बसले. खडकाला टेकले, जसे पडवीत खुर्चीला टेकायचे. मी त्यांना श्वास देत होते. एक. दुसरा. माडाच्या शेंड्यावरची हवा, गोड. त्यांना दुखलं नाही, मित्रांनो. गुदमरायला तर मुळीच झालं नाही, माझं अर्धं पोट अजून भरलेलं होतं! हवा हवी तेवढी होती. फक्त हृदय थांबलं, चावी संपलेल्या घड्याळासारखं. ते घरी आरामखुर्चीत असते, तरी त्याच घटकेला थांबलं असतं. डॉक्टरही तेच म्हणाले. कुणाचाही दोष नव्हता. कुणाचाही. कुणी काही केलं असतं, किंवा काही केलं नसतं, तरी...

तेव्हा मित्रांनो, यातून घ्यायचं ते हे, की जुन्या वस्तूंची मुदत बघत जा, त्यांना मिठापासून जपा, कोपऱ्यात टाकलेल्या माणसाशी दिवसातून दोन शब्द...

"खोटं!"

सगुणाबाई उठल्या. सूप पायरीवर उलटं पडलं, कुळीथ अंगणभर.

"खोटं बोलतेस गो तू. माडीच्या गोष्टी सांग, गोब्र्याच्या सांग, मी कधी तोंड उघडलं? पण ही नको. पोरांनो, ही त्या दिवशी पाण्यात गेलीच नाय. पडवीत होती ही. रिकामी. आदल्या दिवशी हे बाजारात गेले, तवा मी हिची चावी फिरवली. अर्धा तास हवा जात होती, मी कानांवर हात ठेवून उभी. म्हटलं, हवाच नसली तर जातील कसे? मी विहिरीवर नव्हते. तितंच उभी होते. ह्यांनी टोपली काढली, हिची चावी फिरवून बघितलंनी. फुस्ससुद्धा झालं नाय, नि नव्यानं भरायला वेळ नव्हता. मग माझ्याकडं बघितलंनी. हिला होती तशी परत ठेवलीनी, टोपलीसकट, नि रामाच्या मागनं तसेच गेले. नुसत्या दमावर. दोनदा वर आले, रामा सांगतो. दोन टोकं सोडवलीनी. तिसऱ्यांदा नाय आले."

त्यांनी माझ्या कापलेल्या काठाला हात लावला.

"तीन वर्षं माझ्यापायी खोटं बोलत्येस. पुरे कर आता. हवा मी सोडली. मी. सांग पोरांना."