दाराच्या मुठीला दोन हिसके

पोलिसांच्या संपाचा चौथा दिवस, शनिवार. शिपाई क्विल्टी साधा कोट घालून, 'जरा पाय मोकळे करतो' असं बायकोला सांगून बाहेर पडला आणि सवयीनं आपल्याच गस्तीच्या रस्त्यावर येऊन थबकला.

भर दुपारी मेलबर्नचा हा रस्ता त्याला ओळखू येईना. पायाखाली काचा करकरत होत्या. फोडलेल्या खिडकीत एक चांगल्या घरची दिसणारी बाई बसून नवे बूट पायात घालून बघत होती. "हे चावतात हो," ती नवऱ्याला म्हणाली, "एक नंबर मोठे बघा ना!"

कोपऱ्यावर त्याचा संपातला जोडीदार मॅगर्क भिंतीला टेकून विडी ओढत होता.

"अरे, बघत काय बसलायस?"

"मग काय करू? आज पोलीस आहे का मी? खलाशांनी संप केला की बोटी थांबतात. आपण केला की हे. कळू दे एकदा वरच्यांना!"

"त्यांना कळेल रे. पण भोगतंय कोण?"

मॅगर्कनं दुसरी विडी पेटवली.

संप हेरांवरून पेटला होता. शिपायांवर पाळत ठेवायला खात्यानं साध्या वेशातले चौघे नेमले होते. रात्रीच्या गस्तीत प्रत्येक दुकानाच्या दाराची मूठ ओढून बघायची, असा नियम. क्विल्टी दोन हिसके द्यायचा. एकदा रस्त्यात पडलेल्या म्हाताऱ्याला उचलता उचलता एक मूठ राहिली, आणि हेरानं नेमकी तीच टिपली. अकरा वर्षांच्या नोकरीवर पहिला काळा शेरा. ती मूठ घड्याळं दुरुस्त करणाऱ्या पॅस्कोबाईंची होती. दुकानामागेच राहणाऱ्या त्या विधवा बाई तेव्हा हसल्या होत्या. "माझं दार काय पळून जाणार होतं? भांड चांगला त्यांच्याशी!"

त्यांची काच शाबूत दिसली. क्विल्टी धावतच तिथं पोचला आणि काही सुचायच्या आत त्याचा हात मुठीकडे गेला. दोन हिसके.

"धरा त्याला! दार फोडतोय!"

खांद्यावर दांडका बसला. संपकरी पोलिसांच्या जागी सरकारनं नेमलेल्या, दंडाला पांढरी पट्टी बांधलेल्या एका स्वयंसेवकानं त्याची मान दारावर दाबून धरली.

"अहो, मी पोलीस आहे!"

"सगळे चोर आज हेच सांगतायत. बिल्ला दाखव."

बिल्ला खात्यानं बुधवारीच, संपाच्या पहिल्या दिवशी, काढून घेतला होता.

आतून कुलूप निघालं. पॅस्कोबाई दारात धापा टाकत उभ्या होत्या, चेहरा एकदम उजळलेला. मग त्यांनी त्याचा साधा कोट पाहिला.

"बाई, सांगा ना यांना!"

"दोन हिसके ऐकले," त्या हळू म्हणाल्या. "वाटलं, आलास कामावर." मग स्वयंसेवकाला म्हणाल्या, "सोडा त्याला. चोर नाही तो."

"मग पोलीस आहे?" पकड सोडत त्यानं विचारलं.

"तीन रात्री ही मूठ हलली नाही. मी जागीच होते." त्यांनी क्विल्टीकडे पाहिलं. "तुझं भांडण खरं होतं, पोरा. पण पोलीस आहेस का, ते मला नको विचारूस."

दार लागलं. कुलूप, मग कडी. या दाराचे एवढेच आवाज क्विल्टीला माहीत होते. पण आत आणखी काहीतरी जड, लाकडी, फरशीवरून घसटत दारापर्यंत आलं आणि धाडकन टेकलं.

त्याचा हात पुन्हा मुठीवर गेला होता. ओढायचं त्याला धाडस होईना.