सहीच्या संध्याकाळचा राखाडी कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. माझा रंग राखाडी आहे. आता तो कुठे कुठे फिकट झाला आहे आणि कोपरांवर मी इतका विरलो आहे की दिव्यासमोर धरले तर पलीकडचे दिसेल. पण एके काळी अमेरिकेतल्या ओमाहा शहरातल्या सगळ्यांत नावाजलेल्या स्टेकहाउसच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिले होते आणि काही न बोलता दार उघडले होते. त्या दारातून मी आत गेलो नसतो तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

माझा जन्म तेराव्या रस्त्यावरच्या एका चेक शिंप्याच्या दुकानात झाला. तो म्हातारा बोलायचा कमी आणि मापे घ्यायचा तीन-तीनदा. ज्यांच्यासाठी मला शिवले, ते लाडिस्लाव व्होन्द्रा. घरात आणि कामावर सगळे त्यांना लाडा म्हणत. ते कत्तलखान्याच्या शीतगृहाचे मुकादम होते. तरुणपणी वीस वर्षे त्यांनी सोललेल्या बैलांची अर्धी धडे खांद्यावरून वाहिली होती, त्यामुळे त्यांचा उजवा खांदा खाली गेला होता. शिंप्याने माझ्या उजव्या खांद्यात कापसाचा एक जास्तीचा थर भरला. मला घातले की लाडा आरशात सरळ दिसत. पहिल्यांदा घातले तेव्हा ते बराच वेळ आरशासमोरून हलले नाहीत.

मी त्यांच्यासोबत लग्नांना गेलो, बारशांना गेलो, पुष्कळ अंत्ययात्रांनाही गेलो. त्यांची बायको आन्येझ्का मला दर वेळी ब्रशने झाडायची आणि उघड्या खिडकीत टांगायची. कारण लाडाच्या केसांना, हातांना, त्यांच्या जेवणाच्या डब्यालासुद्धा एक उग्र वास असायचा. तो अमोनियाचा. शीतगृह थंड ठेवण्यासाठी तो वायू छताजवळच्या पाइपांतून फिरतो. एकसष्ट सालच्या शरद ऋतूत हा वास वाढू लागला. खिडकीत चार दिवस टांगले तरी माझ्या अस्तरातून तो जाईना.

पाइप जुने झाले होते. सांध्यांवर गंज चढला होता. लाडाने कंपनीला दोनदा लेखी कळवले. त्यांचा मित्र एउसेबिओ लारा त्याच शीतगृहात काम करायचा. तो घरी यायचा तेव्हा त्याचे डोळे लाल असायचे.

"रडून आलास की काय?" आन्येझ्का विचारायची.

"तुझ्या हातचं सूप आठवलं, वहिनी. पाणीच आलं डोळ्यांत," तो म्हणायचा. पण नंतर खोकायला लागला की त्याला लवकर थांबता यायचे नाही.

मग एका गुरुवारी कारखान्याचे मॅनेजर मिस्टर हॅलॉक स्वतः शीतगृहात आले आणि लाडाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, की शनिवारी आपण दोघे जेवायला जाऊ. शहरातले कुठलेही चांगले स्टेकहाउस निवडा, मी येतो. हे सगळे लाडाने घरी सांगितले तेव्हा मी कपाटात होतो. कपाटाचे दार नीट लागत नसे, म्हणून मला सारे ऐकू येत असे आणि फटीतून थोडे दिसतही असे.

"बायकोला बोलावलं नाही?" आन्येझ्काने विचारले.

"पुढच्या वेळी म्हणाले."

"इतक्या वर्षांत त्यांनी तुला कधी चहा पाजला नाही. आणि आता जेवण?"

"सोमवारी विम्याचा तपासनीस येतोय. त्याबद्दल बोलायचं असेल. माझी पत्रं वाचली असतील."

"पत्रं वाचली असतील तर पाइप बदलायचे. जेवण कशाला?"

लाडा शीळ घालत हात धुवायला गेले. ते खूश होते. माणूस खूश असला की त्याला काही प्रश्न नकोसे होतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात जागा निवडण्याची बैठक बसली. त्यांची मुलगी मिलादा टेलिफोन ऑफिसात कामाला होती, त्यामुळे शहरातली सगळी ठिकाणे तिला माहीत होती. तिने तीन नावे काढली. एक गुरांच्या बाजाराला लागून होते. तिथे व्यापारी बूट-टोपीसकट जेवायला बसत. दुसरे एका हॉटेलाच्या वरच्या मजल्यावर, सगळीकडे आरसे लावलेले. तिसरे विटांच्या रस्त्यावरचे, जुने. त्याला खिडक्या जवळजवळ नव्हत्याच.

"बाजारातलं नको," मिलादा म्हणाली. "तिथं पपांना सगळे ओळखतात. मिस्टर हॅलॉक काय बोलले ते सोमवारपर्यंत गावभर होईल."

"आणि आरशांचं नको," लाडा म्हणाले. "चारी बाजूंनी मीच मला दिसणार. तिसरं बरं. तिथलं मांस आपल्याच शीतगृहातून जातं. मी स्वतः निवडून देतो."

"तू जेवायला चाललायस की माल तपासायला?" आन्येझ्का म्हणाली.

एउसेबिओ कोपऱ्यात बसून हसत होता. "बूट काळे घाल. हे तपकिरी घालून गेलास तर तुला मागच्या दारानं आत घेतील. धडं उतरवायला."

मिलादाने स्टेकहाउसला फोन लावला आणि ऐकता ऐकता बोटावर मोजत गेली. कोट हवाच. टाय हवा. शर्ट पांढरा असला तर उत्तम. टोपी दारातच द्यायची. शेवटी फोन ठेवून ती म्हणाली, "त्यांनी विचारलं, साहेब पहिल्यांदाच येताहेत का?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, साहेब तुमच्या आधीपासून तिथं येताहेत. फक्त खांद्यावर बैल घेऊन."

सगळे हसले. आन्येझ्का हसली नाही. तिने मला कपाटातून काढले, खिडकीत टांगले, आणि बराच वेळ ब्रश फिरवत राहिली. तिचा हात एकाच जागी जात होता.

मित्रांनो, शनिवारी संध्याकाळी मी फार सुंदर दिसत होतो. पांढरा शर्ट, गडद निळा टाय, काळे चकचकीत बूट. दारातल्या माणसाने आधी लाडाचे बूट पाहिले, मग मला, आणि दार उघडले. आत अंधारच होता. प्रत्येक टेबलावर एक छोटा दिवा, त्याच्या उजेडात फक्त हात आणि ताटे दिसत. माणसांचे चेहरे वर काळोखात राहत. मिस्टर हॅलॉक आधीच येऊन बसले होते.

"वा, व्होन्द्रा. या कोटात तुम्ही अगदी साहेब दिसता," ते म्हणाले.

वेटरने कच्च्या मांसाचे तुकडे मोठ्या थाळीत मांडून आणले. ज्याला जो हवा तो त्याने निवडायचा. मिस्टर हॅलॉकनी एका जाड तुकड्याकडे बोट दाखवले.

"तो नका घेऊ, साहेब," लाडा म्हणाले.

"का?"

"रंग बघा. काळपट आहे. मारण्याआधी ते जनावर घाबरलेलं होतं. बराच वेळ घाबरलेलं होतं. तसं झालं की मांस असं पडतं."

मिस्टर हॅलॉक थोडा वेळ थाळीकडे पाहत राहिले. मग हसले आणि दुसरा तुकडा निवडला. "तुमच्यासारखी नजर कंपनीत दुसऱ्या कोणाची नाही," ते म्हणाले. "म्हणूनच म्हणतो, तुम्ही शीतगृहात किती दिवस राहणार? जानेवारीपासून दिवसपाळीचे सुपरिंटेंडंट व्हा."

ते जेवण मला चवीने कसे सांगता येणार? पण माझ्यावर एक थेंबही सांडला नाही, इतके लाडा जपून जेवले. ताटे उचलली गेल्यावर मिस्टर हॅलॉकनी एक घडी केलेला कागद दिव्याखाली ठेवला. त्यात लिहिले होते की शीतगृहातले अमोनियाचे सगळे पाइप वसंत ऋतूत बदलण्यात आले आहेत आणि मुकादमाने ते स्वतः तपासले आहेत.

"हे बदललेले नाहीत, साहेब."

"जानेवारीत बदलणार. माझा शब्द. पण सोमवारी तपासनिसाला ते पाइप दिसले तर तो शीतगृह बंद करेल. शीतगृह बंद, की कारखाना बंद. नाताळच्या तोंडावर दोनशे माणसं घरी बसतील. तुमच्या एका सहीवर दोनशे घरांच्या चुली आहेत, व्होन्द्रा."

त्या वेळी लाडाची छाती माझ्या आतल्या खिशाखाली जोरात धडधडत होती. मी शिवलेला कोट, मला बोलता येत नाही. नाहीतर मी सांगितले असते की उठा, घरी चला. एकदा त्यांनी दाराकडे पाहिले. पण तिथून उठून, त्या सगळ्या टेबलांमधून, पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने नाही म्हणून बाहेर पडायचे, हे त्यांना जमले नाही. त्यांनी पेन घेतले. सही करताना माझी बाही कागदावरून सरकली.

मिस्टर हॅलॉकनी निघताना माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. जिथे कापूस भरला होता, तिथेच.

घरी आन्येझ्का जागी होती.

"काय हवं होतं त्यांना?"

"एक सही."

"पाइप बदलले म्हणून?"

लाडाने मला खुर्चीवर टाकले. टांगले नाही. "जानेवारीत बदलतील," ते म्हणाले.

तिने मला उचलले, घडी सरळ केली आणि कपाटात टांगले. सोमवारी तपासनीस आला, कागद पाहून पाइप न बघताच गेला. मंगळवार गेला, बुधवार गेला.

गुरुवारी सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला. पाळीचा नव्हे. तो थांबत नव्हता. आन्येझ्का पायांत चपलाही न घालता धावत गेली, हे मला पावलांच्या आवाजावरून कळले. बाकीचे मी नंतरच्या बोलण्यांतून ऐकले. एक सांधा फुटला होता. शीतगृहात पांढरा धूर भरला. शीतगृहातले सगळे बाहेर पडले होते, पण झडप बंद केली नाही तर वायू वरच्या मजल्यावर जाईल आणि तिथे बायका मांस बांधायला बसलेल्या असतात, हे एउसेबिओला माहीत होते. तो आत गेला. झडप बंद झाली. तो बाहेर आला नाही. लाडा ओले पोते तोंडाला बांधून आत गेले आणि त्याला ओढत घेऊन आले.

तो जगला. पण त्याचा एक डोळा गेला आणि फुप्फुसे अर्धी जळाली.

तीन आठवड्यांनी सरकारी कचेरीत चौकशी झाली. लाडा मला घालून गेले. कंपनीच्या वकिलाने तोच कागद काढला. पाइप नवे होते, तो म्हणाला, म्हणजे लाराने टांगलेले धड सरकवताना हुक पाइपावर आपटला असणार. चूक त्याची आहे, भरपाई कसली?

अधिकाऱ्याने लाडाला विचारले, "ही सही तुमची?"

"हो."

"मग पाइप बदलले होते?"

"नाही. एकही बदलला नव्हता. मी खोटं लिहिलेल्यावर सही केली."

"तुम्ही काय म्हणताय ते कळतंय ना? तुमची नोकरी जाईल. खटलाही होऊ शकतो."

"कळतंय," लाडा म्हणाले. "त्याचा हुक लागला नव्हता. माझी सही लागली."

त्या दिवशी त्यांची छाती माझ्याखाली शांत होती.

नोकरी गेली. खटला झाला नाही. मिस्टर हॅलॉकना कंपनीने दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात पाठवले, बढती देऊन. एउसेबिओला भरपाई मिळाली. आणि जे पाइप जानेवारीपर्यंत बदलता येणे शक्य नव्हते, ते अकरा दिवसांत बदलले गेले. नाताळला कोणीही घरी बसले नाही.

एका रविवारी लाडा एउसेबिओच्या घरी गेले. मी अंगावर होतो. तो खाटेवर उशांना टेकून बसला होता. लाडा दारातच उभे राहिले. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, करवतीसारखा.

मग त्याने विचारले, "जेवण तरी चांगलं होतं का?"

लाडाला खोटे बोलता आले असते. "हो," ते म्हणाले. "चांगलं होतं."

एउसेबिओने उरलेल्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहिले. "बस," तो म्हणाला. "दारात उभा राहू नकोस. वारा येतो."

त्यानंतर लाडाने मला कधी घातले नाही. ते चर्च गरम ठेवणारी तळघरातली भट्टी सांभाळू लागले, आणि दर रविवारी एउसेबिओकडे जात राहिले, साधा विणलेला स्वेटर घालून. मी कपाटात राहिलो. माझ्या कॉलरमध्ये कसर लागली, अस्तर उसवले. अठरा वर्षे मला कोणी ऊन दाखवले नाही. मला राग आला नाही. मला कारण माहीत होते.

लाडा वारले तेव्हा मिलादाने कपाट उघडून मला बाहेर काढले. "पपांना हाच घालूया ना? त्यांचा एकच चांगला कोट," ती म्हणाली.

आन्येझ्का आता खूप म्हातारी झाली होती. तिने माझ्यावरून हात फिरवला, पूर्वीसारखाच. "नको," ती म्हणाली. "ते सांगून गेलेत. त्यात नको म्हणाले."

त्यांना स्वेटर घालून पुरले. म्हणून मी अजून आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा जुना कोट असेल तर त्याला वर्षातून दोनदा ऊन दाखवा, त्याच्यावर ब्रश फिरवा. आम्हाला तेवढे पुरते. मोठ्या ठिकाणी जेवायला जाल तेव्हा नीटनेटके जा, बूट पुसून जा. त्यात वाईट काही नाही. पण ताटे उचलल्यावर कोणी दिव्याखाली कागद ठेवला, तर तिथे सही करू नका. तो कागद घरी आणा. ज्याच्या डोक्यावरून तो पाइप जातो, त्याला वाचून दाखवा. तो काय म्हणतो ते ऐका, आणि मगच पेन उचला.